बंपरमधला एअर फिल्टर आणि गोव्यातला पावसाळा

गाडीला बाहेरून घेऊन बसवलेल्या इनटेकची, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पाइप आणि फिल्टरच्या जोडणीची, चर्चा निघाली, की ती पाइपच्या व्यासाभोवती, फिल्टरच्या कंपनीभोवती आणि रेस दिल्यावर येणाऱ्या आवाजाभोवती फिरत राहते. गोव्यात राहणाऱ्याने त्याआधी एक साधी गोष्ट करावी, असे मी सुचवीन. गाडी सपाट जागी उभी करावी, टेप घ्यावी आणि फिल्टरची सर्वांत खालची कडा जमिनीपासून किती सेंटिमीटरवर आहे ते मोजून कुठेतरी लिहून ठेवावे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात इनटेकला पाण्यापासून वाचवण्याचे जे उपाय बाजारात मिळतात, त्या सर्वांची योग्यता या एका आकड्यावरून तपासता येते, आणि त्यातले बरेचसे उपाय तिथेच अपुरे ठरतात.

माझी गाडी चार सिलिंडरची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीच्या मूळ रचनेत हवा आत घेणारे तोंड रेडिएटरच्या वर, बोनेटच्या कडेखाली असून त्याची उंची जमिनीपासून ६८ सेंटिमीटर भरते. तिथून हवा प्लॅस्टिकच्या बंद डब्यात येते, डब्यात कागदी फिल्टर असतो आणि डब्याच्या तळाशी, म्हणजे हवा गाळली जाण्याआधीच्या भागात, आत आलेले पाणी निथळून जावे म्हणून एक बारीक भोक ठेवलेले असते. कोल्ड एअर इनटेक, म्हणजे बाहेरची थंड हवा ओढणारा इनटेक, बसवताना हा डबा निघतो. त्याच्या जागी ७६ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप येतो, तो बॅटरीच्या बाजूने खाली उतरतो आणि फॉग लॅम्पच्या मागे, बंपरच्या पोकळीत संपतो. त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर असतो. माझ्या गाडीत त्याची खालची कडा २७ सेंटिमीटरवर येते. हवा घेण्याची जागा ४१ सेंटिमीटरने खाली आली, आणि या लेखात पुढे जे काही लिहिले आहे ते या ४१ सेंटिमीटरमुळेच लिहावे लागले आहे.

इतके खाली जाण्यामागचे कारण तापमान हे आहे. हवा जितकी थंड तितकी ती दाट, आणि दाट हवेबरोबर तितक्याच प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. इंजिनाशेजारची ६० अंश सेल्सिअसची हवा घेण्याऐवजी बाहेरची ३५ अंशांची हवा घेतली, तर तिची घनता सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. हिशेब बरोबर आहे, परंतु त्यात एक गृहीत लपलेले असते, ते म्हणजे मूळ डबा इंजिनाशेजारची तापलेली हवा घेतो. आजच्या बहुतेक गाड्यांत तो ग्रिलच्या मागून बाहेरचीच हवा घेतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघतो. आवाज सुधारतो, हे मी मान्य करतो. मलाही तो आवडतो. पावसाळ्यात तर बाहेरची हवा स्वतःच २६-२७ अंशांवर आलेली असते आणि बोनेटखालचा भागही भर पावसात तेवढा तापत नाही. म्हणजे पाण्याचा धोका ज्या महिन्यांत सर्वांत अधिक असतो, नेमके त्याच महिन्यांत खाली उतरवलेल्या फिल्टरचा लाभ सर्वांत कमी असतो. हा मुद्दा मी पुढे पुन्हा वापरणार आहे.

इंजिनात पाणी गेल्यावर नेमके काय होते, याविषयी बरेच गैरसमज आहेत. पाण्यामुळे इंजिन ‘विझते’, एवढेच अनेकांना वाटते. खरे नुकसान पाणी दाबले जात नाही या गुणधर्मामुळे होते. माझ्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ३०० सीसी आहे, आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण दहास एक धरले, तर पिस्टन सर्वांत वर आल्यानंतर उरणारी जागा जेमतेम ३३ मिलिलिटरची असते. हवा आणि पेट्रोलचे मिश्रण त्या जागेत दाबून बसते. पाणी बसत नाही. एका सिलिंडरमध्ये त्याहून अधिक, म्हणजे दोन मोठे चमचे भरून थोडे वर, पाणी साठलेले असताना पिस्टन वर येऊ लागला, की तो मध्येच अडतो. बाकीचे सिलिंडर आणि जडसर फ्लायव्हील मात्र क्रँकशाफ्टला फिरवतच असतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात पिस्टन तळापासून टोकापर्यंत १० मिलिसेकंदांत येतो, आणि एवढ्या अवधीत कुठेतरी काहीतरी वाकणे अटळ असते. बहुधा पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. यालाच गॅरेजमध्ये हायड्रोलॉक म्हणतात. डिझेल इंजिनाचे भाग अधिक दणकट असले, तरी तिथे कॉम्प्रेशन अधिक असल्यामुळे वरची जागा आणखी लहान असते. १३०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात सोळास एक हे प्रमाण धरले, तर ती सुमारे २२ मिलिलिटर भरते. शिवाय डिझेल इंजिनात हवा अडवणारे थ्रॉटल पेट्रोलसारखे काम करीत नाही, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही ते भरपूर हवा ओढत असते.

दुसऱ्या बाजूने, पाण्याचा प्रत्येक थेंब घातक असतो असेही नाही. गोव्याची पावसाळी हवा घेतली, तर ३० अंशांवर आणि ८० टक्के आर्द्रतेत तिच्यातला सुमारे साडेतीन टक्के भाग पाण्याची वाफच असते, आणि इंजिन ती दिवसभर निमूटपणे गिळत असते. वाफेने प्राणवायूची थोडी जागा व्यापली जाते, एवढाच तिचा परिणाम. बारीक तुषारसुद्धा वाटेतच विरून जातात. दुसऱ्या महायुद्धातील काही लढाऊ विमानांच्या इंजिनांत अधिक शक्तीसाठी पाण्याचा फवारा मुद्दाम सोडला जात असे. त्यामुळे पावसात फिल्टर ओला झाला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. भीती सलग पाण्याची आहे, म्हणजे फिल्टर पाण्यात बुडण्याची.

फिल्टर बुडाला, तरी पाणी एवढ्या उंच चढेल का, असा प्रश्न हुशार वाचक विचारील. उत्तर असे, की १० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ चढवण्यासाठी साधारण १ किलोपास्कल दाबाचा फरक पुरतो. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची चढण ५० सेंटिमीटर धरली, तर ५ किलोपास्कल झाले. फिल्टरचा निम्मा भाग पाण्याबाहेर असेपर्यंत हवा त्या निम्म्या भागातून येत राहते आणि पाइपमधला दाब फारसा उतरत नाही, जरी भिजलेल्या जाळीतून थेंब ओढले जाऊ लागतात. पूर्ण बुडाल्यावर मात्र हवेची वाट बंद होते आणि पिस्टन रिकाम्या पाइपला ओढू लागतात. पेट्रोल इंजिन आपल्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये, ६० किलोपास्कलपर्यंतची पोकळी सहज निर्माण करते. त्याच्यापुढे ५ किलोपास्कलचा अडथळा म्हणजे काहीच नाही. उभा, लांब पाइप पाण्याला रोखून धरतो ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी.

आता रस्त्यावर येऊ. २७ सेंटिमीटर ही उंची स्थिर पाण्याच्या संदर्भात बरी वाटते, परंतु चालत्या गाडीच्या पुढे पाणी स्थिर राहत नाही. गाडी पाण्यात शिरताच पुढच्या बंपरसमोर लाट उभी राहते, आणि वेग माणसाच्या चालण्यापेक्षा अधिक झाला की ती झपाट्याने वाढते. बोनेटखालच्या मूळ डब्याला या लाटेचे फारसे काही वाटत नाही, कारण तो लाटेच्या मागे आणि वर असतो. बंपरमधला फिल्टर मात्र लाटेच्या माथ्याशीच येऊन बसलेला असतो. डोळ्यांना १५ सेंटिमीटर दिसणाऱ्या पाण्यात गाडी ताशी २५ किलोमीटरने घातली, तर फिल्टरपाशी किती पाणी असेल याचा भरवसा कोणी देऊ नये. त्यात समोरून बस आली, तर तिची लाट आपल्या लाटेवर येऊन आदळते. ‘सायलेन्सरमध्ये पाणी शिरेल, रेस देत जा’ हा सल्लाही अशा गाडीला उलटा पडतो, कारण फेऱ्या वाढल्या की ओढही वाढते. चालू इंजिनाच्या सायलेन्सरमधून बाहेर येणारा वायू उथळ पाण्याला आपोआप थोपवून धरतो, त्याला मोठ्या रेसची गरज नसते.

असे पाणी गोव्यात कुठे लागते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको, तरी बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांसाठी लिहितो. पणजीत १८ जून रस्ता आणि मळा परिसर मोठ्या सरीनंतर पाण्याखाली जातो, आणि त्याच वेळी मांडवीला भरती असेल, तर ते पाणी ओसरायला वाटच मिळत नाही, कारण शहरातले नाले शेवटी खाडीतच उतरतात. म्हणून पणजीला जाताना पावसाच्या अंदाजाइतकेच भरतीचे वेळापत्रक पाहणे शहाणपणाचे ठरते. साखळीत वाळवंटी नदी चढली की बाजाराच्या बाजूला पाणी येते. मडगावहून केप्याकडे जाताना पारोड्याला कुशावतीचे पाणी रस्त्यावर येणे, हा दर पावसाळ्याचा अनुभव आहे. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी आणि डिचोलीत जो पूर आला, त्यात फिल्टरच्या उंचीची चर्चा करण्याचा प्रश्नच नव्हता. ते पाणी गाड्यांच्या छपरांचा विचार करायला लावणारे होते. माझा मुद्दा त्याहून सामान्य दिवसाचा आहे, ज्या दिवशी इतर गाड्या सहज निघून जातात आणि कोल्ड एअर इनटेकवाली गाडी मध्येच बंद पडते.

फेरीच्या धक्क्याचा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रायबंदरहून चोडणला किंवा जुने गोव्याहून दिवाडीला जाताना गाडी उतरत्या रॅम्पवरून नाक खाली करून फेरीत चढवावी लागते. भरतीच्या वेळी किंवा नदीला उधाण असताना रॅम्पच्या खालच्या टोकाला पाणी खेळत असते, आणि गाडी तिरकी असल्यामुळे सर्वांत आधी बंपरचाच खालचा भाग त्या पाण्याजवळ जातो. हे पाणी खारट असते. ते फिल्टरपर्यंत पोहोचले नाही, तरी त्याच्या शिंतोड्यांनी साध्या लोखंडी क्लॅम्पांना एका मोसमात गंज चढतो, त्यांची पकड सुटते आणि पाइपच्या सांध्यातून न गाळलेली हवा आत जाऊ लागते. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, स्क्रूसकट. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, असे क्लॅम्प बाजारात सर्रास मिळतात.

साखळीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागे असाच इनटेक बसवला, आणि त्यासोबत फिल्टरवर चढवायचे पाणी झटकणारे कापडी आवरण मागवले. ‘मामा, आता बाजारातलं पाणी आलं तरी चिंता नाही,’ असे तो मोठ्या विश्वासाने म्हणाला. अशा आवरणांविषयी माझे मत वाईट नाही. के अँड एन कंपनीचे ड्रायचार्जर हे त्यातले प्रसिद्ध नाव. पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडावर पाणी न धरणारी प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे थेंब त्यावरून घरंगळून जातो आणि हवा विणीतून आत जाते. पावसाचे शिंतोडे, पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेला फवारा आणि आपल्याकडच्या जांभ्याची तांबडी माती, या तिन्हींना ते चांगले अडवते. सुती जाळीत ही माती एकदा चिखल होऊन बसली की धुऊनही पूर्ण निघत नाही, त्यामुळे आवरणाचे पैसे तेवढ्यासाठीसुद्धा वसूल होतात. पण थेंबाला अडवणारे कापड पाण्याच्या दाबाला अडवू शकत नाही. छत्री पावसात उपयोगी पडते, ती घेऊन कोणी तळीत उतरत नाही. भाच्याला मी टेप आणायला सांगितले. त्याच्या फिल्टरची खालची कडा २४ सेंटिमीटरवर निघाली, आणि पुढचे संभाषण सोपे झाले.

आवरण वापरायचेच असेल, तर दोन गोष्टी पाळाव्यात. ते मापाचे असावे, सैल आवरण ओढीने फिल्टरच्या घड्यांत शिरते आणि हवेची वाट कमी करते. दुसरे, पावसाळ्यात ते वरचेवर काढून साध्या पाण्याने धुवावे. डिटर्जंटने पाणी झटकणारी प्रक्रिया निघून जाते आणि मग ते आवरण ओल्या फडक्यासारखे फिल्टरला चिकटून बसते.

शिंतोड्यांविरुद्ध आवरणापेक्षाही मोठे काम गाडीतच असलेले एक प्लॅस्टिक करते, आणि इनटेक बसवताना नेमके तेच कापले जाते. पुढच्या चाकाच्या कमानीच्या आतून बसवलेले फेंडर लायनर हा चाक आणि बंपरची पोकळी यांमधला पडदा असतो. फिल्टरला जागा व्हावी म्हणून अनेक ठिकाणी त्याचा कोपरा कापतात, क्वचित ते पूर्णच काढून टाकतात. त्यानंतर चाकाने उडवलेले सगळे पाणी थेट फिल्टरवर येते, आणि हे पाणी पावसाच्या सरीसारखे विखुरलेले नसते, ते पिचकारीसारखे एका जागी मारा करते. लायनर कापलेले असल्यास नवे बसवावे, किंवा कापलेल्या जागी दोन मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या शीटचा तुकडा रिव्हेट मारून लावावा.

याच शीटपासून फिल्टरभोवती आडोसाही तयार करता येतो. पुढची बाजू, चाकाकडची बाजू आणि वरचा भाग झाकावा. तळ आणि इंजिनाकडची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे आत आलेले पाणी साठणार नाही. आडोसा करताना बहुतेक जण मोकळी जागा फार कमी ठेवतात. ७६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपचे छेदक्षेत्र सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर असते, म्हणून आडोशातली मोकळी जागा निदान त्याच्या दुप्पट, म्हणजे ९० चौरस सेंटिमीटर असावी. पूर्ण थ्रॉटलवर ३००० फेऱ्यांना १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला जवळजवळ १८०० लिटर हवा मागते. ती चिंचोळ्या फटीतून ओढली गेली, तर वेगाने येणारी हवा थेंबांना आपल्याबरोबर फिल्टरकडे घेऊन येते, आणि ज्यासाठी आडोसा केला तेच साधत नाही.

एक उद्योग मात्र कोणीही करू नये, आणि तो आपल्याकडे बराच चालतो. पाइपच्या सर्वांत खालच्या वळणावर पाणी निथळण्यासाठी ड्रिलने भोक पाडतात. मूळ डब्याच्या तळाला भोक असते हे खरे, परंतु ते फिल्टरच्या आधीच्या, मळक्या हवेच्या बाजूला असते. पाइपवरचे भोक फिल्टरच्या पुढे, स्वच्छ हवेच्या बाजूला पडते. त्यातून एरवी धूळ आत जाते, आणि इंजिन चालू असताना पाइपमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असल्यामुळे पाणी बाहेर पडण्याऐवजी त्या भोकातूनही आत ओढले जाते.

फिल्टर बुडण्यावर उत्तर म्हणून बायपास व्हॉल्व्ह नावाची एक वस्तू मिळते. एईएम या अमेरिकी कंपनीचा असा व्हॉल्व्ह अनेक वर्षे प्रचलित आहे. तो पाइपमध्येच, पण बोनेटखालच्या उंच भागात बसवतात. त्याच्या भोवती फोमचे कडे असते. फिल्टर बुडून पाइपमधला दाब एकदम उतरला, की हे कडे आत वळते आणि इंजिनाला बोनेटखालची हवा मिळू लागते, त्यामुळे पाणी वर खेचण्याइतकी ओढ तयारच होत नाही. कल्पना उत्तम आहे. वर सांगितलेल्या किलोपास्कलच्या हिशेबाला धरून सुचवलेला हाच एक उपाय मला बाजारात दिसला. तरीही त्याला मर्यादा आहेत. टर्बो असलेल्या गाडीसाठी तो नाही, आणि आज रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांना टर्बो असतो. पाण्याची पातळी व्हॉल्व्हपर्यंत पोहोचली, तर त्याचाही उपयोग संपला. फोम उष्णतेने कडक होत जातो, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी बोटाने दाबून तो मऊ आहे की नाही हे पाहावे लागते. ज्यांना बारमाही कोल्ड एअर इनटेकच हवा आहे आणि गाडी टर्बोची नाही, त्यांनी तो जरूर बसवावा.

थार, जिम्नी अशा गाड्यांना छपरापर्यंत नेलेले स्नॉर्कल, म्हणजे हवा घेणारी उंच नळी, लावतात. सत्तरी, सांगे, काणकोण भागात ज्यांना खरोखर ओहोळ ओलांडावे लागतात त्यांना ते शोभते. पर्वरीच्या पुलावरून रोज पणजीत येणाऱ्या गाडीवरचे स्नॉर्कल मला दागिन्यासारखे वाटते, पण तो ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न झाला. २०२० च्या थारला कंपनीने स्नॉर्कलशिवायच ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिली आहे, ही गोष्ट इथे लक्षात घ्यावी. बाहेरून बसवलेल्या स्नॉर्कलचा खरा कस त्याच्या सांध्यांत लागतो. इंजिन मंद चालू ठेवून स्नॉर्कलचे तोंड सपाट फळीने पूर्ण झाकावे. काही क्षणांत इंजिन बंद पडले, तर सांधे घट्ट आहेत. चालूच राहिले, तर हवा दुसरीकडून कुठूनतरी येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येईल. बहुधा मूळ डब्याच्या तळाचे ते निथळण्याचे भोक बुजवायचे राहून गेलेले असते. शिवाय स्नॉर्कल लावल्याने अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि गिअरबॉक्स व ॲक्सलचे ब्रीदर, म्हणजे हवा खेळवणारी तोंडे, उंच होत नाहीत.

माझा स्वतःचा मार्ग यापेक्षा नीरस आहे. मे महिन्यात घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी आटोपली, की मृग लागण्यापूर्वी मी बंपरमधला फिल्टर आणि पाइप उतरवतो आणि कंपनीचा मूळ डबा नव्या कागदी फिल्टरसह परत बसवतो. काही कोल्ड एअर इनटेकचा पाइप दोन तुकड्यांत असतो. खालचा तुकडा काढून फिल्टर वरच्या तुकड्याला लावला, की तो बोनेटखालीच राहतो. ज्यांनी मूळ डबा विकून टाकला आहे त्यांना हा मधला मार्ग बरा आहे. बोनेटखालची हवा थोडी गरम मिळते, परंतु पावसाळ्यात हा तोटा नगण्य असतो हे वर आलेच आहे. इनटेक विकत घेताना मूळ डबा, त्याचे ब्रॅकेट, रबरी बुश आणि रेझोनेटर (हवेचा आवाज कमी करणारी पोकळ डबी) हे सगळे दुकानात न सोडता पिशवीत भरून घरी आणावे. पुढे भंगारात तसाच डबा शोधायला गेल्यास तो मिळतो, पण त्याच्या क्लिपा तुटलेल्या असतात. डबा परत बसवताना हवा घेणारी नळी बोनेटखालच्या आपल्या खाचेत नीट अडकली आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. ती निसटून खाली लोंबली, तर उंचीचा सगळा फायदा गेला.

इतके करूनही गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फ मारू नये. हे वाक्य सर्वांना पाठ असते आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले की सर्व जण ते विसरतात. बंद पडलेल्या क्षणी रॉड वाकलेला असेलच असे नाही. पाणी थ्रॉटलपर्यंत येऊन हवेअभावी इंजिन आपोआप थांबलेले असू शकते, आणि अशा वेळी सेल्फ मारणे हेच नुकसानीचे कारण ठरते. इग्निशन बंद करावे, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन ढकलत कोरड्या जागी न्यावी किंवा टोइंगची गाडी बोलवावी. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत ती सोय पाण्यात शिरण्याआधीच बंद ठेवावी. गॅरेजमध्ये आधी फिल्टर आणि पाइप उघडून पाहतात, मग स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवतात, म्हणजे सिलिंडरमधले पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर उडते. डिझेलमध्ये त्यासाठी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावे लागतात. ऑइल दुधाळ दिसले तर ते फिल्टरसह बदलावे. यानंतर गाडी सुरू झाली तरी कॉम्प्रेशन टेस्टचा आग्रह धरावा. किंचित वाकलेल्या रॉडचा पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही, त्यामुळे त्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा कमी येतो. तसाच रॉड घेऊन गाडी काही काळ चालतेही, आणि नंतर एखाद्या दिवशी हायवेवर दगा देते.

विम्याबद्दल थोडक्यात. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारल्याने झालेले इंजिनाचे अंतर्गत नुकसान हे पुढच्या कृतीचा परिणाम मानून सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कलम घ्यावे लागते. इनटेकसारखा बदल विमा कंपनीला आधी लेखी कळवलेला नसेल, तर सर्व्हेअरला बोट ठेवायला ती आयती जागा मिळते. वॉरंटीतल्या गाडीच्या बाबतीत कंपनीही हेच करू शकते.

उतरवलेल्या सुती फिल्टरची निगा मात्र मे महिन्यातच उरकावी. तो त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुऊन आतून बाहेर पाण्याने खळबळून सावलीत वाळवायचा असतो. कॉम्प्रेसरची हवा मारली की जाळी फाटते आणि हीटरपुढे धरला की रबरी कडा आकसते. गोव्यात जूननंतर धुतलेला फिल्टर नीट वाळतच नाही आणि ओलसर सुताला बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर तो तेल न लावता हवाबंद पिशवीत ठेवावा, आणि ऑक्टोबरात बसवायच्या आदल्या दिवशी घड्याघड्यांवर तेलाची बारीक धार सोडून रात्रभर मुरू द्यावे. ज्या गाड्यांत हवा मोजणारा तारेचा सेन्सर पाइपमध्येच असतो, त्यांत जास्तीचे तेल त्या तारेवर जाऊन बसते, म्हणून सकाळी फिल्टर टिपकागदावर दाबून जादा तेल टिपून घ्यावे आणि मगच क्लॅम्प आवळावा.